पानाची ओल

जानेवारीतल्या एका रविवारची दुपार. मामाने निपाणीहून पाठवलेली तंबाखूची जुडी सोडली, सगळ्यांत मोठं पान उचललं आणि मधली शीर काढायला बोटं लावली, तोच पान पापडासारखं मोडलं. दुसरं घेतलं, तेही मोडलं. पाचव्या-सहाव्या पानापर्यंत वर्तमानपत्रावर नुसता चुरा साचला आणि घरातले सगळे शिंकायला लागले. चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या दिवशी मला आयुष्यातली पहिली सिगार वळायची होती. झाली ती चांगल्या पानांची भुकटी.

हे मला आधीच कळायला हवं होतं. गेली बावीस वर्षं मी ऑफसेट छापखान्यात आहे, प्रभादेवीला. हिवाळ्यात रीम फोडल्याबरोबर कागद मशीनवर चढवला, तर तो कडांनी वळतो आणि रंगावर रंग बसत नाही. म्हणून कागद आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणून ठेवायचा, त्याला तिथली हवा लागू द्यायची. नवीन पोरांना मी पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो. पण तंबाखूचं पान हातात आलं तेव्हा हे डोक्यातच आलं नाही.

हा नाद लागला तो माझ्या आतेभावामुळे. तो मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहे. माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्याने एक सिगार आणून दिली. ती ओढण्याआधी मी ब्लेडने उभी चिरून उघडली. आत सिगरेटसारखी कातरलेली तंबाखू असेल अशी माझी समजूत होती. निघाली ती अख्खी पानं. टोकापासून टोकापर्यंत लांब, एकेक पान स्वतःभोवती गुंडाळलेलं, आणि त्या सगळ्यांभोवती आणखी दोन पानं. बांधणी उसवलेल्या पुस्तकाचे फर्मे मोकळे व्हावेत तसं ते दिसत होतं. त्यात कुठे कागद नव्हता, दोरा नव्हता, फिल्टर नव्हता. पानाने पान धरून ठेवलं होतं. ते बघितल्यावर हे आपल्या हाताने जमतं का बघायचं, एवढंच मनात राहिलं.

सिगारचे थर तीन. आत फिलर, म्हणजे भरण. त्याला आवळून धरणारं पान म्हणजे बाइंडर. सगळ्यांत वर दिसतं ते रॅपर, पातळ, नसा कमी असलेलं, न फाटलेलं. भरणात झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं मिसळतात. शेंड्याकडची पानं ऊन जास्त खातात, ती जाड आणि कडक होतात, सावकाश जळतात. खालची पानं पातळ, सौम्य, पटकन पेटणारी. कडक पान मधोमध आणि सौम्य बाहेर ठेवायचं, नाहीतर सिगार एका बाजूने जळत जाते. हे सगळं मी वाचलं होतं. नुसत्या वाचण्याने पान मोडायचं थांबलं नाही, ते थांबवलं मावशींनी.

मावशी आमच्या लालबागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. माहेर सिन्नरचं. सिन्नर म्हणजे विड्यांचं गाव. मावशी दहा वर्षांच्या असल्यापासून आईशेजारी बसून विड्या वळायच्या, लग्न होऊन मुंबईला आल्यावरही बरीच वर्षं वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं, दिवसाला हजार विड्या. माझी बायको त्यांच्याशी बोलता बोलता आमच्या भुकटीबद्दल बोलली आणि दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःहून वर आल्या.

“पाणी मारलंस का रे पानावर?”

म्हटलं, “हो मावशी, मोडायला लागल्यावर फवारा मारला.”

“मग डाग पडले असतील. पानाला पाणी नाय द्यायचं. पानाला ओल द्यायची.”

त्यांनी गोणपाट मागितलं. घरात गोणपाट कुठलं असणार, शेवटी खालच्या चिवड्याच्या दुकानातून एक जुनं पोतं आणलं. ते ओलं करून इतकं पिळलं की थेंबही पडेना. पानाची जुडी कोरड्या सुती फडक्यात ठेवली, फडक्याभोवती पोतं गुंडाळलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. तेंदूची पानंही रात्री अशीच ठेवायची असतात, म्हणाल्या. सकाळी सोडलं तर कालची ती पापडासारखी पानं मऊ सुती कपड्यासारखी हातावर लोंबत होती.

मग त्यांनी मला ओल ओळखायला शिकवलं. पान मुठीत घ्यायचं, हलकेच मूठ वळायची, कानाजवळ न्यायची. करकर आवाज आला तर पान अजून तहानलेलं आहे. मूठ उघडल्यावर पान चुरगळलेलंच राहिलं तर पाणी जास्त झालं. बरोबर ओलीचं पान आवाज करत नाही, आणि मूठ उघडली की सावकाश, आपलं आपण उलगडतं. मी आजही हेच करतो. माझ्याकडे आता आर्द्रता मोजणारे दोन काटे आहेत, तरी पान हातात घेतलं की आधी कानाशी जातं.

हत्यारांचं म्हणाल तर फार काही लागत नाही. क्युबातले कारागीर अर्धगोल पात्याची, मूठ नसलेली सुरी वापरतात, तिला चावेटा म्हणतात. मी धारावीतल्या चामड्याच्या बाजारातून चांभाराची रापी आणली. चामडं कापायची असल्यामुळे तिची धार पानाला ओढत नाही, दाबली की कापते. खाली सागवानी पाट. साचा म्हणून वायरिंगचा २० मिलिमीटरचा प्लास्टिकचा पाइप उभा दोन भागांत कापला. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, त्याला रिंग गेज म्हणतात. माझ्या पाइपाची आतली पोकळी १७ मिलिमीटर भरते, म्हणजे ४३ रिंगच्या आसपास. बाजारात कोरोना नावाने जी मध्यम जाडीची सिगार मिळते, जवळपास तीच. वजनाला सोनाराकडे असतो तसला छोटा काटा.

आता पहिल्या खऱ्या सिगारीबद्दल. ती वळली गेली, दिसायला बरी होती, आणि ओढता येईना. गाल आत गेले तरी धूर येत नव्हता. दुसरीही तशीच. मी मावशींना दाखवायला नेली. त्यांनी ती दोन बोटांत फिरवली, टोकापासून टोकापर्यंत दाबत गेल्या आणि मधे दोन जागी थांबल्या. “हितं गाठ आहे. आणि हितं. तू तंबाखू बोटानं दाबतोस. बोटानं नाय दाबायची. वरच्या पानानं दाबायची.”

हे वाक्य समजायला मला तीन महिने लागले. आपण भरण मुठीत घेऊन घट्ट करतो आणि मग वर पान गुंडाळतो. खरं काम उलटं आहे. भरण सैल राहू द्यायचं, इतकं की सोडलं तर उलगडेल. बाइंडर तिरका गुंडाळत जाताना जो ताण बसतो, त्यानेच ते आवळलं जातं, सगळीकडे सारखं. विडीतही तेच. हजार विड्या वळणारी बाई प्रत्येक वेळी तंबाखू दाबत बसली तर तिचा दिवस कसा पुरणार?

भरण करण्याच्याही तऱ्हा आहेत. सुरुवातीला मी पानं एकावर एक ठेवून पुस्तकासारखी दुमडत होतो. सोपं पडतं, पण घडीच्या बाजूला पानं दाट होतात आणि सिगार त्या बाजूला मागे राहून दुसऱ्या बाजूने होडीसारखी जळत जाते. आता मी प्रत्येक पानाची स्वतंत्र बारीक नळी करतो. स्पॅनिशमध्ये याला एन्तुबादो म्हणतात. पाच-सहा नळ्या एकत्र धरल्या की प्रत्येकीतून हवा जाते. वेळ दुप्पट लागतो, मला तो लागला तरी चालतो.

याच काळात एकदा मला तंबाखू लागली. रविवारी सलग तीन तास ओली पानं उघड्या हातांनी हाताळत होतो, तोंडात एक कणही गेला नव्हता. उठलो तर डोकं गरगरायला लागलं, कपाळावर थंड घाम, पोटात ढवळायला लागलं. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून अंगात जातं. तंबाखूच्या शेतात दवाच्या वेळी तोडणी करणाऱ्या माणसांना हे नेहमी होतं. मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “आमच्याकडं नव्या गड्याला पैल्या दिवशी हटकून लागती.” तेव्हापासून पातळ रबरी मोजे, आणि तासाभराने हात धुणं. मावशींनी आयुष्यभर मोजे घातले नव्हते. त्यांचा खोकला अजून आहे.

निपाणीच्या पानाबद्दल मला सविस्तर सांगायचं आहे, कारण माझा जीव त्यात आहे. आजोळ असल्यामुळे लहानपणी मे महिन्यात तिथे गेलो की वखारींवरून जाताना नाक चुरचुरायचं. जाडजूड, सुरकुतलेलं पान. पक्व झालं की त्यावर तांबूस ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून शेतकरी तोडणीची वेळ ठरवतो. झाडाला फूल यायच्या आधी शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढत राहायचे, म्हणजे सगळा जोर पानात उतरतो. उन्हात वाळवायचं. या पानाच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीला पुणे-बंगळूर महामार्ग अडवला होता. पुढे पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. मामा तेव्हा विशीत होता. तो त्याविषयी फारसं बोलत नाही, पण तंबाखूची जुडी बांधताना त्याचे हात फार जपून चालतात.

तर अशा पानाची सिगार करून मी ओढली. घसा सोलून निघाला. जीभ बधिर झाली आणि अर्ध्यातच टाकावी लागली. यात पानाचा काही दोष नाही. ते विडीसाठी वाढवलेलं पान. एका विडीत तंबाखू असते पाव ग्रॅमच्या आसपास. माझ्या सिगारीत आठ-नऊ ग्रॅम. तीस-पस्तीस विड्यांचा जोर एका बैठकीत. दुसरं म्हणजे सिगारचं पान वाळल्यावर मुरवावं लागतं. ओलसर पानांचे मोठे ढीग रचतात, ढीग आतून स्वतःच तापतो, ठरावीक उष्णतेला पोचला की उलटापालटा करून पुन्हा रचतात. या आंबण्यात पानातला अमोनिया निघून जातो आणि तिखटपणा उतरतो. मामाच्या जुडीने यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं.

ढीग रचायला माझ्याकडे दोनशे किलो पानं नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून मासळीचा एक थर्मोकोलचा खोका आणला, तो धुऊन आठ दिवस उन्हात टाकला. आत पत्र्याच्या डब्यात बंद केलेला ४० वॅटचा बल्ब, अंडी उबवायच्या यंत्रात असतो तसला तापमान राखणारा स्विच, आणि झाकणबंद काचेच्या बरण्यांत बरोबर ओलीची पानं. तापमान ५० अंशांच्या जवळ ठेवलं. रोज संध्याकाळी बरणी क्षणभर उघडायची. पहिल्या आठवड्यात झाकण काढलं की डोळ्यांत पाणी यायचं, मुतारीसारखा भपकारा. दुसऱ्या आठवड्यात तो कमी झाला. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी झाकण उघडलं आणि मनुकांचा, थोडा ओल्या मातीचा वास आला. पान हिरवट पिवळ्याचं गडद तपकिरी झालं होतं. मी बायकोला हाक मारून बरणी तिच्या नाकाशी धरली. तंबाखूचा वास तिला अजिबात सहन होत नाही, पण त्या दिवशी ती म्हणाली, “हा वेगळा आहे.”

एवढं करूनही अख्खी सिगार निपाणीच्या पानाची होऊ नये हे माझं मत कायम राहिलं. मधोमध एक ग्रॅम घातलं तर मात्र ते कणा देतं.

भरणाचं मुख्य पान मला दिंडिगलने दिलं. छापखान्यातले आमचे बाइंडिंगवाले माटुंग्याला राहतात, त्यांचं गाव त्या बाजूला. तमिळनाडूत दिंडिगलच्या परिसरात चिरूटाची तंबाखू पिढ्यान्पिढ्या होते. आपला चिरूट हा शब्दही तमिळच, ‘सुरुट्टु’, म्हणजे गुंडाळलेलं. आपण सिगार वळतो म्हणतो, त्यांच्याकडे त्या वस्तूचं नावच वळणं आहे. गावाहून येताना त्यांनी वर्तमानपत्रात बांधून काळपट, चिवट पानांची जुडी आणली. हे पान निपाणीसारखं चावत नाही. धुरात थोडा खारटपणा, जळल्यावर राख करडी आणि घट्ट. विशेष म्हणजे ते पेटलेलं राहतं. काही पानं कितीही सुंदर दिसली तरी दोन झुरक्यांत विझतात. त्याआधी मस्जिद बंदरहून खायच्या तंबाखूची पत्ती आणून तीही करून पाहिली होती. तिचं दर दोन मिनिटांनी तेच.

बाइंडर आणि रॅपरसाठी देशी पान मला बरेच दिवस जमलं नाही. पुन्हा आतेभाऊ धावून आला. त्याचं जहाज सुराबायाला लागतं, आणि पूर्व जावात जेंबरच्या आसपास सिगारची बेसुकी तंबाखू पिकते. तिथे भाताची कापणी झाल्यावर लावलेल्या या पिकाला अजून डच नावानेच ओळखतात, ना-ओग्स्त, म्हणजे कापणीनंतरचं. परदेशातून येताना कस्टमच्या नियमात माणशी १२५ ग्रॅम तंबाखू बसते, तेवढी तो आणतो. १२५ ग्रॅम ऐकायला थोडी वाटते, पण रॅपरला पान लागतंच किती? अर्धं.

ते अर्धं पान गुंडाळणं हीच माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपातली सर्वांत सुखाची वेळ. शीर काढली की पानाचे डावा आणि उजवा असे दोन भाग होतात. नसा एका भागात एका दिशेला तिरक्या, दुसऱ्यात उलट्या. कागदाला जसा धाग्यांचा कल असतो, कलाविरुद्ध घडी घातली की कागद तडकतो, अगदी तसंच. बाइंडर एका बाजूचा असला तर रॅपर दुसऱ्या बाजूचा घ्यायचा, म्हणजे दोघांचे ताण एकमेकांविरुद्ध बसतात आणि सिगार पिळवटत नाही. पान पाटावर उताणं पसरायचं, नसांची उठावदार बाजू वर, म्हणजे वळल्यावर ती आत जाते. तळहाताने आतून बाहेर सुरकुत्या काढायच्या. रापीने कडेची जाड पट्टी एका फटक्यात कापायची. धार उचलली की पान फाटलंच. मग बाइंडरमध्ये गुंडाळलेल्या भरणाची, साच्यात तासभर दाबून काढलेली बांधणी तिरकी ठेवायची, पेटवायच्या टोकापासून सुरुवात. उजवा हात फिरवतो, डावा पान किंचित ताणून धरतो. प्रत्येक वेढा आधीच्यावर थोडा चढतो. जेंबरचं पान चांगल्या ओलीत असलं की रबरासारखं ताणतं, आणि कानाला एक बारीकसा चिकट आवाज येतो, टिकल्यांचं पाकीट उघडताना येतो तसा. डोक्याशी, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाशी पोचल्यावर पानाची उरलेली शेपटी निमुळती कापून गुंडाळायची आणि त्यावर पानाचीच एक गोल टोपी बसवायची. ती मी पेनाच्या टोपणाने कापतो. चिकटवायला सिगारवाले ट्रॅगाकँथ नावाचा गोंद वापरतात. मी काष्ठौषधींच्या दुकानातून कतिरा गोंद आणतो, चिमूटभर रात्री पाण्यात घातला की सकाळी बशीभर खळ. रंग नाही, चव नाही. बोटाच्या टोकावर येईल तेवढाच लावायचा.

वळलेली सिगार लगेच ओढायची नसते. वळण्यासाठी दिलेली ओल आता बाहेर पडायला हवी, आणि वेगवेगळ्या गावांच्या पानांना एकमेकांची सवय व्हायला हवी. मी किमान सहा आठवडे थांबतो. आणि मुंबईत थांबणं हीच खरी परीक्षा आहे, कारण इथली हवा सिगारला सुखाने बसू देत नाही.

सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. माझ्या काट्यावर जुलैत सकाळी ९० दिसतात आणि जानेवारीच्या दुपारी चाळिशीत. पावसाळ्यात गोणपाट लागतच नाही. पानं रात्रभर गॅलरीत टांगली की सकाळी तयार. पण पहिल्याच पावसाळ्यात त्याच हवेने माझ्या बारा सिगारी खाल्ल्या. लाकडी डब्यात ठेवून निर्धास्त होतो. पंधरा दिवसांनी उघडलं तर टोप्यांवर पांढरी लव आणि दोन-तीन ठिकाणी हिरवट निळं. बुरशी. पुसून वापरता येईल का, असा मोह झाला, पण बुरशी आत नळ्यांमधून पसरते. सगळ्या टाकल्या. त्यातल्या चार माझ्या त्या वेळपर्यंतच्या सगळ्यांत चांगल्या होत्या. फार वाईट वाटलं.

नंतर कळलं की माझा काटाच आठ टक्के कमी दाखवत होता. काटा तपासायची युक्ती सोपी आहे आणि प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावी. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, भिजेल इतकंच पाणी, विरघळेल इतकं नाही. ते आणि काटा एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवायचं. भिजलेल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझा दाखवत होता ६७. म्हणजे मी ज्याला ७० समजून निश्चिंत होतो ते ७८ होतं. आता लाकडी डबा पावसाळ्यात बंद, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणि त्यात ६५ टक्क्यांची पाकिटं, जी जास्तीची ओल शोषतात आणि कमी पडली तर देतात.

मे महिन्याचं संकट निराळं. आमच्या लालबागला एप्रिल-मे म्हणजे मसाल्यांचा हंगाम. मुंबईभरून बायका मसाला गल्लीत मिरच्या आणायला, भाजून-कुटून घ्यायला येतात, आणि इमारतीच्या जिन्यातसुद्धा धणे-लवंगेचा वास बसतो. तंबाखू वास ओढून घेते. एक वर्ष मी मे महिन्यात पानं उघडी टांगली आणि त्या जुडीच्या सिगारीला शेवटपर्यंत मिरचीची झाक राहिली. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो बारीक, तांबूस, पाठ वाकलेला किडा. तंबाखूचा किडा म्हणतात, पण हळद, मिरची, धणे, सगळं त्याला चालतं. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मावशींनी बघताच ओळखलं. त्यांच्या हळदीच्या डब्यातही तोच होता. अंडी पानात आधीपासून असू शकतात, उकाड्यात फुटतात. उपाय थंडीचा. नवीन आलेली प्रत्येक जुडी दोन पिशव्यांत हवा काढून बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर, मग एक दिवस खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम बाहेर काढली की पानावर पाणी धरतं. फ्रीझरमधल्या सुरमईशेजारी तंबाखू ठेवण्यावरून घरात दोन दिवस बोलणं झालं. शेवटी मी जुना छोटा फ्रीझर विकत घेतला.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सिगारचा धूर मी छातीत घेत नाही, पण त्याने ती निरुपद्रवी होत नाही. तोंडाचा, घशाचा धोका आहेच. माझा कामावरून यायचा रस्ता परळला टाटा रुग्णालयाच्या बाजूने जातो. फुटपाथवर गावाहून आलेली माणसं चटया टाकून राहिलेली असतात, कुणाच्या नाकात नळी, कुणाचा जबडा बांधलेला. ते बघून घरी येऊन मी पान उलगडायला बसतो, आणि तो विचार मी दूर ढकलत नाही. महिन्यातून एक सिगार, गच्चीवर, एकट्याने. मुलांसमोर नाही, कुणाला आग्रह नाही, विक्री नाही. वळायला बसतो त्यातल्या बहुतेक वेळा मी ओढतच नाही. ज्यांना हा नाद नाही त्यांनी लावून घेऊ नये असं मी मनापासून म्हणेन.

मावशींनी एकदा विचारलं होतं, “आम्ही पोटासाठी वळल्या. तू कशासाठी वळतोस?” मी म्हटलं, हाताला बरं वाटतं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, “हाताला बरं वाटायचं ते आम्हालाही. पैल्या शंभरापर्यंत.”

सध्या बसलेलं मिश्रण असं आहे: दिंडिगल साडेचार ग्रॅम, मधोमध मुरवलेलं निपाणी एक ग्रॅम, जेंबरचं सौम्य पान दीड ग्रॅम, आणि बाइंडर-रॅपर जेंबरचाच. सुरुवात थोडी तिखट, पाव भाग जळल्यावर उतरते, मध्यावर भाजलेल्या शेंगदाण्याचा स्वाद. निपाणी दीड ग्रॅम केलं की शेवटचा तिसरा भाग ओढवत नाही. पाऊण ग्रॅम केलं की सगळंच मिळमिळीत. त्या पाव ग्रॅमवर माझं वर्ष गेलं.

मला मात्र सगळी सिगार इथल्याच पानांची करायची आहे. बंगालच्या उत्तरेला कूचबिहार जिल्ह्यात दिनहाटाकडे जाती नावाची तंबाखू होते, रॅपरला चालेल इतकं पातळ पान. कामावरच्या एका मित्राने गेल्या महिन्यात ती आणून दिली. आठवडाभर फ्रीझरमध्ये राहिली. परवा रात्री पोतं पिळून गुंडाळली, काल सकाळी सोडली. मूठ वळली, कानाशी नेली, आवाज नाही. मूठ उघडल्यावर पान सुटायला जेंबरपेक्षा जास्त वेळ लागला. रंग फिका, दालचिनीसारखा. नसा वाटल्या त्यापेक्षा ठळक आहेत आणि ताण कमी सहन होतो. पहिलं अर्धं पान तिसऱ्या वेढ्याला फाटलं. दुसऱ्याला ताण दिलाच नाही, नुसतं फिरवत गेलो. तीन झाल्या. एकीच्या टोपीखाली केसाएवढी चीर आहे, तिला खळ लावून ठेवली आहे. संध्याकाळी मावशींना दाखवायला नेल्या. त्यांनी चीर असलेलीच उचलली, टोकापासून टोकापर्यंत दाबत गेल्या आणि या वेळी कुठेही थांबल्या नाहीत. डब्यावर तारीख लिहिली आहे. काटा ६८ दाखवतोय. सहा आठवड्यांनी उघडेन.